कासवाचं पिल्लू मुलगा की मुलगी? वेळासच्या वाळूपासून रिसेप्टरपर्यंत

वाशिष्ठीकाठ

गेल्या महिन्यात धाकटीला घेऊन कोकणातल्या वेळासला जाऊन आलो. इथल्या बऱ्याच जणांनी कासव महोत्सव पाहिलेला असणार, त्यामुळे समुद्र, सुरूची बनं, घरगुती मोदक वगैरे वर्णनात शिरत नाही. थेट हॅचरीपाशी, म्हणजे कासवांची अंडी जपून ठेवतात त्या कुंपणापाशी येतो.

सकाळी सातच्या सुमाराला कासवमित्रानं घरट्यावरची टोपली उचलली. खाली नुसती वाळू. माणसं मान लांब करून बघतायत, कुणी मोबाईल सरसावलाय, आणि काहीच होत नाही. मग मधोमध वाळू बशीएवढी खचली. त्या खळग्यातून एक काळपट नाक वर आलं, थांबलं, परत आत गेलं. दोन मिनिटांनी तेच नाक (की दुसरं, कोण जाणे) वर आलं आणि मागोमाग एकमेकांच्या पाठीवर चढत सगळी पलटणच बाहेर. आमच्या वाट्याला त्या दिवशी त्रेपन्न आली. धाकटीनं मोजली, मी नाही.

तिनं कासवमित्राला विचारलं, "काका, ह्यातले मुलगे किती नि मुली किती?"

तो म्हणाला, "बाळा, ते बाहेरनं बघून कुणालाच कळत नाही."

उत्तर शंभर टक्के खरं आहे. ऑलिव्ह रिडले, म्हणजे वेळासला येणारं समुद्री कासव, त्याचं पिल्लू बाहेरून बघून नर-मादी ओळखता येत नाही. मोठं झाल्यावर नराची शेपटी लांब होते, तेव्हा कुठे कळतं, आणि त्याला बरीच वर्षं जातात. पण "मग ठरतं कसं?" हा तिचा पुढचा प्रश्न परतीच्या वाटेवर चिपळूणपर्यंत पुरला. मी पोटापाण्यासाठी प्रयोगशाळेत हार्मोन मोजतो, माणसांचेच. त्यामुळे उत्तर थोडं लांबलं. तेच इथे टाकतोय.

आपल्याकडे बापाच्या शुक्राणूनं एक्स आणला की वाय, त्यावर मामला मिटतो. समुद्री कासवांत असलं लिंग-गुणसूत्रच नाही. अंडं घातलं जातं तेव्हा ते नर नसतं, मादी नसतं. साधारण पन्नास दिवसांच्या उबवणीतल्या मधल्या तिसऱ्या हिश्शात वाळू किती तापलेली आहे, त्यावर ठरतं. कासवांत गारवा म्हणजे नर, ऊब म्हणजे मादी. रिडलेच्या बाबतीत हा काटा ३० अंशांच्या आसपास झुकतो. अंशा-दोन अंशांत घरट्याचा कल फिरतो.

ही गोष्ट सरपटणाऱ्या प्राण्यांत पहिल्यांदा सांगितली मादलेन शार्निए या बाईंनी, १९६६ साली, सेनेगलमधल्या डाकारहून, एका सरड्यावर काम करून. लिहिलं फ्रेंचमध्ये. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पण धाग्याचा विषय तापमान नाही. तापमान ही बाहेरची गोष्ट. अंड्याच्या आत वाळूची ऊब कुणाला समजते आणि तो ती कुणाला सांगतो, ही खरी मजा आहे.

अमेरिकेत लाल कानांची कासवं (आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात बिस्किटाएवढी मिळतात तीच) अभ्यासाला फार वापरली गेली. त्यांची अंडी २६ अंशांत ठेवली तर सगळे नर, ३१ अंशांत ठेवली तर सगळ्या माद्या. आता २६ अंशातल्या, म्हणजे नर होऊ घातलेल्या अंड्याच्या कवचावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या इस्ट्रोजेनचा एक थेंब सोडायचा. इंजेक्शन नाही, काही नाही, नुसता वरून थेंब. तो कवचातून झिरपतो. पिल्लू मादी निघतं! अंडं गारच होतं, पण आतल्या पेशींना ऊब लागल्याचा निरोप मिळाला.

उलटंही करता येतं. शरीरात टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, अरोमाटेज. ते औषधानं बंद पाडलं की ३१ अंशातल्या अंड्यातूनही नर निघतात. म्हणजे ऊन थेट मादी करत नाही. ऊन अरोमाटेज वाढवतं, अरोमाटेज इस्ट्रोजेन बनवतं, इस्ट्रोजेन मादी करतं.

आणि इथे बहुतेक लेख थांबतात. माझी तक्रार तिथेच आहे. इस्ट्रोजेन काहीच "करत" नाही हो! हार्मोन म्हणजे गावात पिटलेली दवंडी. "ऐका हो ऐका, अमुक गटातल्या लोकांनी चावडीवर यावं." दवंडी सगळ्या गावात ऐकू जाते, पण चावडीवर जातात मोजकेच. कोण जाणार हे दवंडीवाला ठरवत नाही. पेशीत त्या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असेल तरच ती उठते. नसेल तर कानाशी ढोल बडवा, ढिम्म.

इस्ट्रोजेनचे दोन मुख्य ग्राही आहेत, अल्फा आणि बीटा. माणसांत आहेत, मगरींत आहेत, कासवांतही आहेत. दोघेही तेच इस्ट्रोजेन ऐकतात. मग अंडाशय बनवण्याचं काम कुणाचं? २०१५ साली अमेरिकी अ‍ॅलिगेटरवर (मगरीचा भाऊबंद) हे तपासलं गेलं. अ‍ॅलिगेटरची अंडी ३३.५ अंशात नर देतात. त्या तापमानात ठेवलेल्या अंड्यांना फक्त अल्फाला चिकटणारं रसायन दिलं, तर अंडाशय बनलं. फक्त बीटाला चिकटणारं दिलं, तर वृषणच राहिलं. हार्मोन एक, कान दोन, आणि पिल्लू नर की मादी हे त्यातल्या एकाच कानावर ठरतं.

हे मी गाडीत सांगितलं तेव्हा धाकटी झोपली होती. म्हणून इथे.

सुलूमावशी

छान लिहिलंय रे. दवंडी वाचून माझ्या माहेरचा म्हातारा डोळ्यापुढे आला, हलगी वाजवत यायचा. त्याचं निम्मं कुणाला कळायचं नाही ते वेगळं.

एक विचारते. नातवाकडे ते बिस्किटाएवढं कासव होतं, आता ताटलीएवढं झालंय. मादी आहे म्हणतात. चार दिवस झाले काही खात नाही, मागच्या पायांनी टाकीची काच खरवडत बसते. हे तुझ्या हार्मोनचंच काही का?

वाशिष्ठीकाठ

मावशी, मी रक्त तपासणारा, कासव तपासणारा नाही. अंदाज असा की अंडी घालायला जागा शोधतेय. नराशिवायही अंडी होतात, कोंबडीसारखी. इथले पशुवैद्य नीट सांगतील, पण वाट बघत बसू नका.

गुरांचा_डॉक्टर

अंदाज बरोबर आहे. मावशी, आधी तिला खोल ओलसर वाळू-मातीचा टब द्या आणि तिथे एकटं सोडा, दर पाच मिनिटांनी डोकावायचं नाही. तरी अंडी घातली नाहीत, सुस्त वाटली, तर कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा. एक्स-रे काढला की अंडी पांढऱ्या गोट्यांसारखी स्वच्छ दिसतात.

आता धाग्याशी संबंध. अंडी अडकलेल्या कासवाला आम्ही आधी कॅल्शियम बघतो आणि मग ऑक्सिटोसिन देतो. तेच, जे बाळंतपणात बाईला देतात, म्हशीला पान्हा सोडायला देतात (तो गैरप्रकार आहे, पण तो वेगळा धागा). गंमत अशी की कासवाच्या शरीरात ऑक्सिटोसिन नसतंच! त्यांच्यात अंडनलिका आवळण्याचं काम वासोटोसिन नावाचा त्याचा चुलतभाऊ करतो. पण कासवाचा ग्राही सस्तन प्राण्याच्या ऑक्सिटोसिनलाही ओ देतो. मी पहिल्यांदा दिलं तेव्हा तासाभरात टबात टप, टप, टप. सात अंडी. मालकीणबाई रडल्या.

हेच पालीला, सरड्याला, सापाला दिलं तर तितका भरवसा नाही. कधी लागू पडतं, बहुतेकदा नाही. वासोटोसिन त्यांच्यावर चांगलं चालतं. म्हणजे वाशिष्ठीकाठ म्हणतायत तेच: औषध तेच, ऐकणारा बदलला.

आणि कृपा करून कुणी हे वाचून घरी सुई टोचू नका. अंडं नळीत आडवं अडकलेलं असताना ऑक्सिटोसिन दिलं तर नळी फाटते.

खडूस_चिकित्सक

लेख वाचनीय आहे, म्हणूनच खोट काढतो.

दवंडी ही उपमा इथे लंगडी आहे. दवंडी रक्तातल्या हार्मोनला ठीक. एका ग्रंथीतून निघालं, गावभर फिरलं, दूरच्या पेशीनं ऐकलं. पण या अंड्यातल्या भ्रूणाच्या जननग्रंथीतच (जिचं पुढे वृषण किंवा अंडाशय होतं) अरोमाटेज आहे, तिथेच इस्ट्रोजेन बनतं आणि तिथल्याच शेजारच्या पेशी ते ऐकतात. ही दवंडी नाही, माजघरातली कुजबुज आहे.

दुसरं. "ऊन अरोमाटेज वाढवतं" हे वाक्य फार झपकन गेलं. कसं वाढवतं? सगळा प्रश्न तर तिथेच आहे.

वाशिष्ठीकाठ

कुजबुज मान्य. उपमा दुरुस्त करून घेतली. बाहेरून सोडलेला थेंब ही दवंडी, आतलं इस्ट्रोजेन ही कुजबुज. मात्र कान दोन्हीकडे तेच, हे सोडत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर गेल्या काही वर्षांत चांगलं काम झालंय. २०१८ साली त्याच लाल कानांच्या कासवांत केडीएम६बी नावाचं जनुक सापडलं. गारव्यात ते जागं असतं. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर काही रासायनिक खुणा असतात, "हे जनुक बंद" सांगणाऱ्या. केडीएम६बी त्यातल्या एका नर-जनुकावरची (डीएमआरटी१) बंदची खूण पुसतं. कुलूप निघालं की वृषणाची वाट सुरू. संशोधकांनी २६ अंशातल्या अंड्यांत केडीएम६बी दाबून टाकलं, तर बहुतेक पिल्लं मादीच्या वाटेला लागली. पुढे २०२० मध्ये त्याच्या मागची कडी सापडली. ऊब वाढली की पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यातून स्टॅट३ नावाचं प्रथिन चेतवलं जातं आणि ते केडीएम६बीला झोपवतं.

म्हणजे क्रम असा दिसतो: ऊब, कॅल्शियम, स्टॅट३, केडीएम६बी झोपलं, डीएमआरटी१ बंद, नराची वाट बंद, अरोमाटेज वर, इस्ट्रोजेन, अल्फा ग्राही, अंडाशय. अ‍ॅलिगेटरच्या जननग्रंथीत उष्णतेनं उघडणारी टीआरपीव्ही४ नावाची एक कॅल्शियमची खिडकीही सापडलीय. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका खिडकीमुळे आपल्याला मिरची "गरम" लागते.

खडूस_चिकित्सक

हं. आता ठीक. मिरचीचं वाक्य लेखातच असायला हवं होतं.

रानवाटा

मी साप पकडतो, म्हणजे घरात शिरलेले सोडवून रानात नेतो. लोकांचा पहिला प्रश्न "विषारी आहे का" आणि दुसरा "नर आहे का मादी". दुसऱ्यासाठी इथे एक ओळ: नाग, घोणस, मण्यार यांच्या पिल्लांचं नर-मादी होणं गुणसूत्रावरच ठरतं. उन्हाचा त्यात हात नाही. मादीकडे झेड आणि डब्ल्यू, म्हणजे आपल्या उलट, आईवर ठरतं. कासवाचं वाचून कुणी सापाला लावू नये.

पण ग्राहींच्या गमती सापांतही आहेत. माझी आवडती कात टाकण्याची. थायरॉईडचं हार्मोन सरड्या-पालीत कात टाकण्याला रेटा देतं. सापांवरच्या जुन्या प्रयोगांत मात्र उलटं दिसलं. थायरॉईड काढून टाकली तर साप लवकर लवकर कात टाकायला लागले, हार्मोन दिलं तर लांबली. निरोप एकच, एक घर म्हणतं "करा", शेजारचं घर म्हणतं "थांबा". दोघेही एकाच वंशावळीतले.

कॅनडात मॅनिटोबाला गार्टर साप आहेत. हिवाळाभर चुनखडीच्या बिळांत हजारोंनी निपचित पडतात आणि वसंतात बाहेर आले की मादीभोवती नरांचा गोळाच होतो. आपण म्हणू, टेस्टोस्टेरॉन उतू जात असणार. तर नरांचा तो गोंधळ त्या वेळच्या टेस्टोस्टेरॉनवर अवलंबूनच नसतो! थंडीनंतरची ऊब हाच त्यांचा इशारा. मला हे वाचून बरेच दिवस झोप नाही लागली. म्हणजे लागली, पण तुम्हाला कळलं.

ओरलँडोचा_आंबा

इथे फ्लोरिडात माझ्या घरापासून अर्ध्या तासावर अपॉपका नावाचं तळं आहे, म्हणून राहवत नाही. इकडे या विषयावर बोललं की पहिलं नाव त्याचंच निघतं.

१९८० साली तळ्याशेजारच्या एका कीटकनाशक कारखान्यातून डायकोफॉल नावाचं कीटकनाशक पाण्यात गेलं, आणि त्यात डीडीटी होतं. पुढच्या काही वर्षांत तळ्यातली अ‍ॅलिगेटरची पिल्लं कमी कमी होत गेली. अंडी घातली जायची, फुटायची नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठाचे लुई गिलेट तिथे पोचले आणि १९९४ साली जे छापलं त्यानं खळबळ उडाली. नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन अगदी कमी, लिंगाचा आकार नेहमीपेक्षा लहान. मादी पिल्लांत इस्ट्रोजेन जास्त आणि अंडाशयातल्या एकेका पिशवीत एकाऐवजी अनेक बीजं.

सुरुवातीला सगळे म्हणाले डीडीटी म्हणजे खोटं इस्ट्रोजेन. पण पुढच्या वर्षी उंदरांवरच्या कामातून कळलं की डीडीटी मोडून जे डीडीई बनतं, ते टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीत जाऊन बसतं आणि काहीच करत नाही. नुसती जागा अडवतं. एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. खरा प्रवासी आला तर उभा.

मी तळ्यावर जातो अधूनमधून. आता पक्षी बघायला छान रस्ता केलाय, गाडीतून फिरता येतं. कालव्याच्या कडेला अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेले असतात. गावाकडून आई आली होती तेव्हा तिनं एकाकडे बघून म्हटलं, "ह्याला काय झालंय, चांगला धडधाकट दिसतोय की." दिसतो खरा.

जागरूक_नागरिक

सगळं उघड आहे. प्लास्टिकमुळे कासवं मादी होतायत, उद्या आपलाही नंबर. कंपन्या बोलू देत नाहीत. वेळासची सगळी पिल्लं मादीच असणार, लिहून ठेवा.

वाशिष्ठीकाठ

लिहून नाही ठेवत, कारण वेळासची पिल्लं कुणी पोट उघडून बघितलेली नाहीत आणि बघू नयेत.

तुमच्या बोलण्यात खरा भाग आहे तो असा. प्लास्टिकमधला बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनच्या ग्राहीत बसतो. अर्जेंटिनात केमन मगरींच्या अंड्यांना तो नर होण्याच्या तापमानात दिला, तर पुरेशा मात्रेला पिल्लं मादी निघाली. त्याआधी १९९४ मध्येच लाल कानांच्या कासवांत पीसीबी या औद्योगिक रसायनाच्या काही प्रकारांनी हेच केलं, अंड्याच्या कवचावर थेंब टाकून. ही प्रयोगशाळेतली, मोजून दिलेली मात्रा आहे.

माणसाचा नंबर लागत नाही, निदान या वाटेनं. आपल्यात वायवरचं जनुक आधीच निकाल देऊन मोकळं होतं, इस्ट्रोजेननं तो फिरत नाही. कासवाच्या अंड्यात निकालच इस्ट्रोजेनच्या हातात आहे. त्यामुळे आपल्याला बिनमहत्त्वाचा असलेला भेसळीचा थेंब तिथे सगळं उलटवू शकतो. म्हणून तर पाणी किती बिघडलंय हे बघायला सरपटणारे प्राणी वापरतात.

एक उदाहरण. पिवळा बलक बनवायला लागणारं व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन मादीच्या यकृतात, इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून बनतं. नराच्या यकृतातही तो कान असतो, फक्त आयुष्यभर त्याला कुणी हाक मारत नाही. नर कासवाच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडलं, तर समजायचं बाहेरून कुणीतरी हाक मारलीय. ही चाचणी मला फार आवडते.

आणि मादी जास्त होण्याचं आज डोळ्यासमोर असलेलं मोठं कारण ऊन आहे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांवर २०१८ साली निघालेला अभ्यास बघा. अल्पवयीन कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या, आणि प्रौढांत ८७ टक्के. म्हणजे गेल्या काही दशकांत काटा सरकत गेला. तिथे कासवाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजून नर-मादी ठरवली होती. माझ्या धंद्यातलीच चाचणी, फक्त रुग्ण पाठीवर ढाल घेऊन आलेला.

जागरूक_नागरिक

म्हणजे मी म्हटलं तेच.

खडूस_चिकित्सक

नाही.

धारवाडी_पेढा

उशिरा आलो. सगळे अमेरिका-ऑस्ट्रेलिया फिरून आलात, जरा कुंपणाकडे बघा.

आपला बागेतला सरडा. वीणीच्या दिवसांत नराची मान लाल होते म्हणून आमच्याकडे पोरं "रक्त पितो" म्हणून दगड मारायची, मीही मारलेत. तो लाल रंग म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा निरोप ऐकून सजलेली कातडी, रक्ताशी काही संबंध नाही. आमच्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात याच सरड्याच्या अंड्यांवर वर्षानुवर्षं काम झालं, आणि त्यात जो नमुना निघाला तो जगावेगळा. गार तापमानात माद्या, थोडं वाढवलं की नर, आणखी वाढवलं की परत माद्या, आणि अगदी तापवलं की परत नर. कासवासारखा एकदाच झुकणारा काटा नाही, सरळ झोपाळा.

आणि वाशिष्ठीकाठ, तुमच्या नावातच मगरी आहेत, त्यांना विसरलात? मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेत (मगरी पाळून जपणारी संस्था) झालेलं, १९८९ साली छापून आलेलं काम आपल्याच मगरीवरचं आहे. २८ ते ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या. ३२.५ ला सगळे नर. ३३ ला पुन्हा दोन्ही. नुसते नर होण्याची खिडकी दीड अंशाची सुद्धा नाही.

वाशिष्ठीकाठ

विसरलो नव्हतो, धाग्यात कुणीतरी काढेल म्हणून ठेवलं होतं. (खोटं. विसरलो होतो.) आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठीत, तिकडे सांगलीला कृष्णेत मगरी बघतच लोक मोठे होतात आणि हे गणित कुणाला माहीत नसतं. मगर उन्हाळ्यात काठाच्या मातीत भोक करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडाला निघतात. दरड सावलीत आहे की उघड्यावर, यावर पुढची पिढी ठरते.

झोपाळ्याबद्दल: ऑस्ट्रेलियात दाढीवाला ड्रॅगन म्हणतात तो सरडा आहे. त्याच्यात सापासारखं झेड-डब्ल्यू आहे, म्हणजे निकाल गुणसूत्रानं लागायला हवा. पण अंडी ३२ अंशांच्या वर तापली की दोन झेड असलेले, म्हणजे जन्मानं नर, ते मादी होऊन निघतात. अंडीही घालतात. असे प्राणी रानातसुद्धा सापडल्याचं २०१५ मध्ये छापून आलं. माझ्या मते आपण "गुणसूत्रवाले" आणि "तापमानवाले" अशा दोन पेट्या करतो ते आपल्या सोयीसाठी.

आणि जाता जाता, अमेरिकेतल्या वाळवंटी भागातली व्हिपटेल सरड्याची एक जात: त्यात नरच नाहीत, सगळ्या माद्या, पिढ्यान् पिढ्या. १९९४ साली त्यांच्या अंड्यांना अरोमाटेज बंद करणारं औषध दिलं, तर नर निघाले! जातीत नर नाही, पण नर व्हायची पाककृती अजून वहीत आहे. इस्ट्रोजेन तिच्यावर हात ठेवून बसलंय.

सुलूमावशी

कळवायचं राहिलं. टबात माती भरून ठेवली, रात्रीत पाच अंडी घातली. पाचही पोकळ निघाली म्हणे. आता मजेत खातेय, नातवाचं बोट चावलं.

डॉक्टर, तुमचे आभार. सुई लागली नाही.

गुरांचा_डॉक्टर

उत्तम. तरी एकदा एक्स-रे काढून घ्या, आत एखादं राहिलेलं असतं.

टोपलीवाला

नमस्कार. या धाग्यासाठीच खातं उघडलं. मी कोकणातल्याच एका किनाऱ्यावर हॅचरी बघतो, गाव सांगत नाही. आम्ही रात्री अंडी शोधतो, बादलीत वाळूसकट उचलतो, न फिरवता हॅचरीत सुरईसारखा खड्डा करून त्यात ठेवतो. तारीख आणि अंड्यांची संख्या पाटीवर. तापमान कुणी लिहीत नाही. सावलीसाठी हिरवी जाळी मार्चमध्ये लावतो, ती पिल्लं भाजू नयेत म्हणून.

हे वाचल्यावर डोक्यात आलं की आमच्या त्या जाळीनं आम्ही नकळत नर-मादीसुद्धा ठरवतोय की काय. मग काय करायचं? जाळी काढायची का?

वाशिष्ठीकाठ

काढू नका. भाजलेलं अंडं नरही नाही आणि मादीही नाही.

हो, जाळीमुळे वाळू गार राहते आणि गार वाळूत नर जास्त होतात. जगात बऱ्याच ठिकाणी सावली करणं, पाणी शिंपडणं हे उपाय त्याच हेतूनं करतात. पण तिथे आधी मोजतात. तुमच्याकडे मोजमापच नसताना फेरफार नको. वनविभागाला विचारून, अंडी ठेवताना खड्ड्यात, अंड्यांच्या मधोमध उंचीवर, तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवता आला तर सगळ्यात चांगलं. नाहीच मिळाला तर घरट्याशेजारी, अंड्यांना न लागेल असा, तेवढ्याच खोलीवर थर्मामीटर. नंतर वाळू उकरून आत हात घालायचा नाही. वेळ रोज तीच ठेवा. पहिल्या दिवसापासून लिहिलं तर उत्तम, पण पन्नास दिवसांची उबवण धरली तर सतराव्यापासून चौतिसाव्यापर्यंतचे दिवस चुकवू नका, कान तेव्हाच उघडे असतात. एक घरटं जाळीखालचं आणि एक जाळीबाहेरचं, दोन्हींचं लिहा.

टोपलीवाला

थर्मामीटर शाळेत आहे, सरांकडून आणतो. साहेबांना उद्या फोन करतो. जाळीखालच्या तीन नंबरच्या घरट्याला आज चौदा दिवस झालेत आणि सहा नंबर उन्हात आहे, त्याला बारा. म्हणजे परवापर्यंत परवानगी मिळाली तर दोन्ही धरता येतील.

वही कुठली वापरू? पावसाळी हवेत कागद ओला होतो.

सुलूमावशी

दुधाच्या हिशोबाची जाड पुठ्ठ्याची घे, आणि पेन्सिलनं लिही. शाई पसरते.